विक्रीस काढलेले घर आणि त्यात राहणारी माणसे

दसरा जवळ आला की दवाखान्यात एका विशिष्ट प्रकारचे रुग्ण दिसू लागतात. कोणाला धाप लागलेली असते, कोणाचे मनगट सुजलेले असते, कोणाचा दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नसतो. तक्रारी निरनिराळ्या, पण थोडी चौकशी केली की हकिगत पुष्कळदा एकच निघते. राहते घर विकायला काढलेले असते. पितृपक्षात घर पाहायला सहसा कोणी फिरकत नाही. घटस्थापना झाली की एजंटांचे फोन सुरू होतात, आणि त्यापूर्वीच्या पंधरवड्यात आवराआवर, रंगरंगोटी आणि फेकाफेकी यांची एकच घाई उडते. त्या घाईत घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या प्रकृतीचे काय होते, हा या वेळचा विषय.

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर अशा भागांत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या तीन मजली इमारती अजून पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेकांना लिफ्ट नाही. घर घेतले तेव्हा पस्तिशीत असलेले जोडपे आता ऐंशीच्या घरात आहे. गुडघे जिना चढू देत नाहीत, दोघांपैकी एकाला हृदयविकार आहे, मुले बंगळुरूला किंवा परदेशी. मग लिफ्ट असलेले घर, मुलाजवळचा फ्लॅट किंवा ज्येष्ठांसाठीचा एखादा प्रकल्प यांपैकी काहीतरी ठरते. म्हणजे घर विकण्याचा निर्णय मुळात बराचसा वैद्यकीयच असतो, आणि बहुधा योग्य असतो. माझी तक्रार त्या निर्णयाविषयी नाही. ज्या पडण्याच्या भीतीने घर सोडायचे, ते पडणे नेमके घर दाखवण्याच्या तयारीत घडावे, याविषयी आहे.

एजंट जे सांगतो ते धंद्याच्या दृष्टीने चूक नसते. घर मोकळे दिसावे, उजेड भरपूर असावा, वास येऊ नये आणि ‘आजारपणाचे सामान’ नजरेआड असावे. पाहणारा दहा-पंधरा मिनिटे थांबतो; तेवढ्यात त्याला आपला संसार तिथे मांडून पाहता आला पाहिजे. हे सारे खरे. परंतु घर पहिल्याच गिऱ्हाइकाला पसंत पडले असे क्वचित घडते. तयारी केल्यावर तीन-चार महिने, कधी वर्षभरसुद्धा, आई-वडील त्याच घरात राहत असतात. त्यामुळे ‘दाखवण्यापुरता’ केलेला बदल त्यांना रोज, विशेषतः रोज रात्री, निभवावा लागतो.

या बदलांत सर्वांत धोक्याचा म्हणजे पलंगाची जागा. चाळीस वर्षे एकाच घरात वावरलेला माणूस रात्री लघवीला उठतो तेव्हा तो डोळ्यांच्या भरवशावर चालत नाही. पलंगावरून उतरून तीन पावले, डाव्या हाताला कपाटाची कड, मग दाराची चौकट, मग बेसिन, हा रस्ता त्याच्या पावलांना आणि हातांना पाठ असतो. मोतीबिंदूने मंद झालेली दृष्टी, मधुमेहाने बधिर झालेले तळवे, वयानुसार उणावलेला तोल या साऱ्यांची भरपाई तो पाठ असलेला रस्ता करीत असतो. खोली मोठी दिसावी म्हणून आपण कपाट हलवतो, तेव्हा या माणसाचा कठडाच काढून घेतो.

माझ्या एका रुग्णाचे सांगतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त शिक्षक, प्रकृतीने ठणठणीत. खिडकी मोकळी दिसावी म्हणून त्यांचा पलंग समोरच्या भिंतीला लावला गेला. दोन रात्री निभावल्या. तिसऱ्या रात्री झोपेच्या भरात ते जुन्या बाजूने उतरू गेले, भिंतीवर आदळले आणि कुशीवर पडले. खुब्याचे हाड मोडले. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली हे त्यांचे सुदैव, कारण या अस्थिभंगात माणूस जितके दिवस अंथरुणाला खिळून राहतो तितकी न्यूमोनिया, शय्याव्रण आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते. आता ते वॉकर घेऊन चालतात. घर मात्र त्यानंतर आठ महिन्यांनी विकले गेले.

म्हणून घर मोकळे करताना तीन गोष्टी जागच्या जागी राहू द्याव्यात : पलंग, पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंतची वाट, आणि त्या वाटेवर हात टेकवण्याच्या जागा. बाकीचे खुशाल काढा. दिवाण, शोकेस, कोणी न बसणाऱ्या खुर्च्या, बाल्कनीत रचलेल्या कुंड्या, माळ्यावरची पातेली गेल्याने कोणाचे काही बिघडत नाही. उलट वाट रुंदावते. नवे गालिचे आणि पायपुसणी मात्र आणू नयेत. त्यांच्या दुमडलेल्या कडेत पाय अडकतो. फरशीला चकाकी आणणारे पॉलिशही टाळावे. पाहणारे येण्याआधी घाईघाईने ओली फरशी पुसणे हा तर अपघाताचा राजमार्ग. पुसायचे असेल तर तासभर आधी, पंखा लावून, आणि आजी-आजोबा खुर्चीत बसलेले असताना.

स्वच्छतागृहात भिंतीला बसवलेले धरायचे दांडे काढून टाका असा सल्ला काही एजंट देतात. तो मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एक तर दांडा काढल्यावर टाइलवर राहणारी भोके दांड्यापेक्षा वाईट दिसतात. दुसरे म्हणजे घर पाहायला येणाऱ्या चाळिशीतल्या जोडप्यालाही आई-वडील असतातच. कमोडची खुर्ची, वॉकर, पाण्याची पिशवी या वस्तू पंधरा मिनिटांसाठी आतल्या खोलीत नेण्यास हरकत नाही. मात्र पाहुणे गेल्यावर त्या परत जागेवर ठेवण्याचे काम एका ठरावीक व्यक्तीकडे असावे. ‘मला वाटले तू ठेवलीस’ हे वाक्य मी अनेक अपघातांच्या मुळाशी ऐकले आहे.

उजेडाबाबत एजंटचे आणि डॉक्टरचे एकमत होते, ही आनंदाची गोष्ट. सत्तरीतल्या डोळ्याला विशीतल्या डोळ्यापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश लागतो. पिवळट मंद दिवे बदला, खिडकीवरचे जाड पडदे उतरवा, बोळातला गेली सहा वर्षे बंद असलेला दिवा एकदाचा लावा. हे काम खरे तर घर विकायचे नसतानाही व्हायला हवे होते.

आता रंगकाम. जुना रंग खरवडताना उडणारी धूळ दमेकऱ्यांना आणि जुना फुप्फुसविकार असलेल्यांना सोसत नाही. पुट्टी घासण्याची धूळही तशीच. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या, विशेषतः दारे-खिडक्यांवरच्या तैलरंगांच्या जुन्या थरांत शिसे असू शकते. त्याची धूळ लहान मुलांना सर्वाधिक घातक, म्हणून सुट्टीला नातवंडे आलेली असताना हे काम काढू नये. भिंत ओली करून घासावी, दार बंद ठेवून फटीत ओला पंचा लावावा. भिंतींना पाण्यात मिसळणारे, कमी वासाचे रंग मिळतात, ते वापरावेत. टर्पेंटाइनचा वास असलेला तैलरंग फक्त ग्रिलपुरता, आणि तोही खिडक्या उघड्या ठेवून.

रंगकामाच्या दिवसांत वृद्धांना कोठे ठेवावे, असे मला नेहमी विचारतात. धाप लागणाऱ्या पण बुद्धी शाबूत असलेल्या माणसाला चार दिवस लेकीकडे पाठवणे उत्तम. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाचे तसे नाही. परक्या घरात त्याची सगळी ओळखीची खूण सुटते आणि तो रात्रभर ‘मला घरी जायचे आहे’ म्हणत फिरतो. त्याच्यासाठी एकेक खोली रंगवावी, काम संथपणे चालू द्यावे आणि त्याची खोली सर्वांत शेवटी घ्यावी. त्या खोलीला नुसता पाण्याचा हात देऊन भागत असेल तर रंगच लावू नये.

ओल ही मात्र रंगाने झाकण्याची गोष्ट नव्हे. पोपडे खरवडून वर रंग मारला की पाहणाऱ्याला काही आठवडे दिसत नाही. पण बुरशी आत वाढत राहते आणि त्या भिंतीशी उशी लावून झोपणाऱ्याचा खोकला थांबत नाही. गळतीचे मूळ शोधून ती बंद करावी. विक्रीसाठी सांगून पटत नसेल तर आजोबांच्या छातीसाठी तरी.

साफसफाईच्या दिवसांतील आणखी एक धोका सांगून ठेवतो. संडास साफ करण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर ही दोन्ही एकाच वेळी, बंद मोरीत वापरली की क्लोरीन वायू सुटतो. तो तरुणाचीही छाती जाळतो. ‘दोन्ही टाकले की लवकर निघते’ हा समज जीवघेणा आहे. फिनाइल किंवा ॲसिड सरबताच्या जुन्या बाटलीत भरून ठेवू नये. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला बाटलीचा आकार कळतो, वास कळेलच असे नाही. डांबराच्या गोळ्यांचेही तेच. त्या बत्ताशासारख्या दिसतात.

वासाचा विषय नाजूक आहे, पण टाळता येण्याजोगा नाही. ‘घरात म्हातारपणाचा वास येतो’ असे एका सूनबाईंनी मला अतिशय संकोचून सांगितले. गिऱ्हाईक यायच्या आधी त्या घरभर धूप फिरवत, सुगंधी फवारे मारत. सासूबाईंना खोकल्याची उबळ येई. आणि वास काही जात नसे. मी त्यांना म्हटले, म्हातारपणाला असा वास नसतो, प्रत्येक वासाला कारण असते. तपासणीत आजींना मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. शिवाय थेंब थेंब लघवी होण्याचा त्रास त्यांना दोन वर्षे होता आणि लाजेने त्यांनी तो कोणालाही सांगितला नव्हता. गादी आतून भिजत होती. औषध दिले, गादी बदलली, त्यावर जलरोधक आवरण घातले, दर दोन-अडीच तासांनी आठवणीने स्वच्छतागृहात नेण्याचा नेम ठेवला. वास गेला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आजी पुन्हा बैठकीच्या खोलीत येऊन बसू लागल्या. आपण अंग चोरून का बसत होतो, हे त्यांनी पुढे हसत हसत सांगितले. घर दाखवण्याच्या निमित्ताने एक जुनी व्याधी उघडकीस आली, असेही कधी घडते. न सुकलेली पायाची जखम, किडलेले दात, नीट न धुतलेली कवळी, बद्धकोष्ठता या साऱ्यांचा असाच विचार करावा. उदबत्तीने रोग बरा होत नाही.

औषधांकडे वळू. टेबलावरच्या डब्या, पाकिटे, तपासणीचे कागद आवरणे योग्यच; अनोळखी माणसांना आपल्या आजारांची यादी का दिसावी? पण आवरताना सगळ्या पट्ट्या एका पिशवीत कोंबल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी रक्तदाबाची गोळी दोनदा, थायरॉइडची एकदाही नाही, असा प्रकार होतो. त्यासाठी झाकणाचा एकच डबा ठेवावा आणि तो डबा जसाच्या तसा उचलून कपाटात ठेवावा. फ्रिज धुवायला काढताना आतले इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. मुदत संपलेल्या गोळ्या या निमित्ताने जरूर काढून टाकाव्यात, मात्र पट्टीतून सोडवून आणि नासक्या कचऱ्यात मिसळून, म्हणजे त्या कोणाच्या हाती लागणार नाहीत.

आणि आता प्रत्यक्ष भेटीचा दिवस. बेल वाजली की वृद्ध माणूस सवयीने उठतो. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर एकदम उठल्याने रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. दार उघडण्याचे काम दुसऱ्याचे, हे आधीच ठरवावे. एजंटला वेळा ठरवून द्याव्यात, आणि त्या पाळायला लावाव्यात. सकाळी दहा ते साडेअकरा ही वेळ बहुतेक घरांना सोयीची पडते. दुपारचे जेवण आणि त्यानंतरची झोप मोडू नये. स्मृतिभ्रंश असेल तर संध्याकाळ पूर्ण वर्ज्य करावी, कारण दिवस मावळताना त्यांची अस्वस्थता वाढते आणि अनोळखी चेहऱ्यांनी ती भडकते. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने ‘ते येऊन जाऊ देत, मग जेवू’ असे कदापि म्हणू नये. गिऱ्हाईक तासभर उशिरा येते, साखर मात्र वेळेवर उतरते.

एक गोष्ट पुरुषांच्या सहसा लक्षात येत नाही. पाहणारे येणार असले की घरातील वृद्ध स्त्रिया सकाळपासून पाणी पिणे सोडतात. ऐन वेळी स्वच्छतागृहात जावे लागले तर काय, ही धास्ती. लघवीची गोळीही स्वतःहून चुकवतात. आठवड्यातून तीन भेटी झाल्या की तीन दिवस शरीर कोरडे पडते. मग मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, चक्कर. ‘आई, तुम्ही खुशाल आत जा, ते थांबतील’ एवढे मोठ्याने म्हणणारा कोणीतरी घरात पाहिजे. थांबतील ते. त्यांना घर घ्यायचे आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची खोली दाखवायची झाल्यास त्याला आधी सांगावे, अंगावर स्वच्छ चादर घालावी, चष्मा लावावा, श्रवणयंत्र कानात असू द्यावे आणि पाहणाऱ्यांशी त्याची नावाने ओळख करून द्यावी. ‘इकडे फक्त आमचे वडील असतात’ असे त्याच्या देखत म्हणू नये. वास्तू पाहणारे काही जण पलंग कोणत्या दिशेला आहे यावर त्याच्या समोरच चर्चा करतात. त्यांना बाहेरच्या खोलीत नेऊन करू द्यावी.

या काळात वृद्ध माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, रात्रीचा दिवस करू लागला, किंवा याच्या उलट अगदी गप्प आणि गुंगीत राहू लागला, तर ‘घर सुटतेय म्हणून मनाला लागले’ असे समजून थांबू नये. याला आम्ही डेलिरियम म्हणतो. त्याच्या मुळाशी संसर्ग, क्षारांचा असमतोल, तुंबलेली लघवी किंवा एखादे नवे औषध असते, आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे लागते. मनाला लागणे हे वेगळे. ते हळूहळू येते, जेवण कमी होते, बोलणे आटते.

मनाला लागते त्याचे कारण पुष्कळदा घर नसते, फेकाफेकी असते. भंगारवाला खाली उभा असताना ‘हे हवे की नको’ असे विचारणे म्हणजे विचारणे नव्हे. एका काकांनी दिवंगत पत्नीचे पायाने चालवायचे शिवणयंत्र परस्पर दिले गेल्यावर आठवडाभर अन्न सोडले होते. यंत्र चालत नव्हते, हे त्यांनाही माहीत होते. रोज एकच कपाट, सकाळच्या वेळी, तासाभरापुरते, वृद्ध माणसाला खुर्चीत शेजारी बसवून काढावे. काय कोणाला द्यायचे ते त्यांना सांगू द्यावे. भाचीला पैठणी, शेजाऱ्यांना पितळी डबा, वाचनालयाला पुस्तके. वस्तू कोणाकडे गेली हे कळले की ती सोडणे सोपे जाते. जुन्या वर्तमानपत्रांची आणि धूळ साचलेल्या पुस्तकांची चळत मात्र त्यांच्यासमोर झटकू नये.

शेवटी सहीविषयी, कारण त्यासाठी लोक माझ्याकडे येतात. ‘वडील मानसिकदृष्ट्या सक्षम आहेत असा दाखला द्या’ असे मुलगा म्हणतो आणि वडील बाहेर रिक्षात बसलेले असतात. असा दाखला मी देत नाही. मला त्यांच्याशी एकट्याने बोलावे लागते : काय विकत आहात, किमतीचा अंदाज काय, पैसे कोणाच्या खात्यात जाणार, तुम्ही राहणार कोठे? स्मृतिभ्रंशाचे निदान झालेला माणूसही सुरुवातीच्या अवस्थेत या प्रश्नांची चोख उत्तरे देऊ शकतो. आणि निदान नसलेला माणूस, संसर्गाने ग्रासलेला असताना, देऊ शकत नाही. तेव्हा तो बरा होईपर्यंत थांबावे. विकण्याऐवजी घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याचा विचार असेल, तर आपला सांभाळ करण्याची अट त्या कागदावर स्पष्ट लिहून घ्यावी. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्याच्या कलम २३ नुसार, अशी अट मोडली गेल्यास न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकते. तपशील वकिलाला विचारावा.

नोंदणीसाठी तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून खाली आणलेले रुग्ण मी पाहिले आहेत. विशेष कारण असल्यास दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात. तशी तरतूद कायद्यात आहे. त्यासाठी अर्जासोबत आजारपणाचा दाखला लागतो, आणि तो आम्ही आनंदाने देतो. वेळ मिळत असेल तर सकाळची मागावी. आदल्या दिवशी सर्व कागद सावकाश, मोठ्याने वाचून दाखवावेत. त्या दिवशीच्या गोळ्या आणि न्याहारी नेहमीच्या वेळी व्हाव्यात, आणि निबंधक येण्यापूर्वी श्रवणयंत्राचा सेल एकदा तपासून घ्यावा.